दुसऱ्यांदा वाजलेली सिंफनी

ओहायोतल्या आमच्या वाद्यवृंदाला मेलेले जर्मन संगीतकार फार प्रिय. तेच ते दरवर्षी वाजवतात आणि धन्य होतात. आपल्या अमेरिकन माणसाचं काही वाजवलंच, तर एकदाच. पोस्टरवर ‘जगात प्रथमच’ छापायचं, टाळ्या घ्यायच्या, की स्वरलिपीचे कागद माझ्या कपाटात. दुसऱ्यांदा वाजवून मिरवता थोडंच येतं! एकतीस वर्षं ही कपाटं सांभाळतोय मी. शंभर वर्षांतलं अमेरिकन संगीत तिथे एकेकदा वाजून गप्प पडलंय.

त्यातच लाव्हिनिया स्ट्राउडबाईंनी रचलेली सिंफनी होती, १९६८ साली एकदा वाजलेली. बाईंनी मला शाळेत पियानो शिकवला. आता अठ्ठ्याऐंशीच्या, कान जात चाललेले. “ऑर्विल, पुरती बहिरी व्हायच्या आत एकदा ऐकव रे,” म्हणाल्या.

मी मॅनेजर किट्रिजकडे गेलो. सुटाची इस्त्री मोडेल म्हणून हा माणूस तालमीलाही बसत नाही.

“जुनंच?” त्याने नाक मुरडलं. “शेवट बदलायला सांग त्यांना. मग ‘नव्या शेवटासह, जगात प्रथमच’ छापू.”

बाई भडकल्या. “तीन वर्षं घासलाय मी तो शेवट! त्या टोणग्याला सांग, एक सूर हलणार नाही.”

मी किट्रिजला सांगितलं, “बदलला.” जीभ जरासुद्धा अडखळली नाही. कंडक्टरला मात्र खरं सांगितलं. तो हसला, “मला काय, पोस्टर थोडंच वाजवायचंय?” मी जुनेच कागद मांडले.

कार्यक्रमाच्या दिवशी पोस्टर पाहून बाईंनी माझ्यावर डोळे वटारले.

“सूर जागच्या जागी आहेत, बाई. बसा गुपचूप.”

त्या पहिल्या रांगेत कानामागे हात धरून बसल्या. संथ भागात त्यांचे ओठ हलत होते. मला रडू आलं, लपवत नाही.

नंतर किट्रिज वाइनचा पेला नाचवत आला. “वा बाई! काय शेवट केलात! जुना अगदीच मिळमिळीत होता!”

जुना? १९६८ साली हे ध्यान जन्मालाही आलं नव्हतं! माझं डोकं सणकलं. सगळं ओकून टाकणार, तोच बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

“थँक्यू,” त्या गोड हसल्या. “पण माझं समाधान नाही झालं. पुन्हा बदलीन म्हणते.”

“म्हणजे पुन्हा जगात प्रथमच!” किट्रिजने लगेच मोबाइल काढला. “कधीची तारीख देऊ?”

“लवकरची दे,” बाई म्हणाल्या. “कान फार दिवस थांबणार नाहीत.”