खाकी शर्टामागे खैरी

घरभरणीला माझी गाय हवी होती, मी नको होते. विभावरीताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, असं तोंडावर कधी म्हणायच्या नाहीत. त्या फोनवर म्हणाल्या, "वीणा, गाय घेऊन ये. पण ती गोठ्यातली साडी नेसून येऊ नको हो, केतनच्या बँकेतले लोक आहेत. आणि वासरू आणू नको. लादी नवीन आहे."

"ताई, गुरुजी सवत्स गाय म्हणतात ना?"

"वासरू तुझ्या घरी आहे ना? मग झाली की सवत्स."

मग मी रेशमी साडी नेसले, मुलीनं दिलेलं अत्तर लावलं आणि टेम्पोत खैरीला चढवून घमापुराहून मदन महलला निघाले. आमचे हे आले नाहीत. भावाच्या घरी जायचं तर भावजयीला ओलांडून जावं लागतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात.

खैरी टेम्पोतच बिथरलेली. एक तर मागे वासरू हंबरत राहिलेलं, त्यात मालकीण म्हणून शेजारी उभी असलेली बाई नाकाला अनोळखी. गाय आधी वासानं ओळखते, तोंड नंतर पाहते. माझ्या अत्तरानं तिला शिंक आली.

नवीन घर झकास होतं. दारापासून आतपर्यंत भेडाघाटचा पांढरा संगमरवर, घासून घासून आरसा केलेला. वर दिवे लावलेले, तेही त्यात खालून पेटलेले. उंबऱ्याच्या आत, दाराच्या बरोबर मधोमध, आरतीचं ताट घेऊन समिधा उभी. ताईंची सून, केतनची बायको. नागपूरची, इथल्या कॉलेजात शिकवते. तिचं हे दुसरं लग्न. ही गोष्ट ताईंनी वर्षभरात मदन महलच्या प्रत्येक फाटकात जाऊन सांगितलेली.

खैरी उंबऱ्यापाशी आली, मान खाली घातली, फुसकारली आणि थांबली.

"चल गं माय," गुरुजी म्हणाले. खैरी ढिम्म. कुणी पेढा पुढे केला, कुणी "हर हर नर्मदे" म्हटलं, ड्रायव्हर भैयानं एका हातात दोरी धरून "चलो, चलो" करत शेपटी पिळली. तिनं मागे वळून लांब हंबरडा फोडला.

"रडून राहिली," ताई म्हणाल्या. आवाज हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "गाय रडून राहिली दारात. समिधा, तू जरा बाजूला हो बरं."

समिधा भिंतीला लागून उभी राहिली. आणि खैरीनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

ताईंच्या चेहऱ्यावर दिवाळी. "पाहिलं? मी बोलत होते तर मी वाईट. आता हे मुकं जनावर सांगून राहिलं. केतन, संध्याकाळच्या गाडीनं हिला नागपूरला पाठव. घराची शांती करून घेऊ, मग बघू."

केतन म्हणाला, "मम्मी, यार, प्लीज..." आणि पुढचं गिळलं.

समिधा रडली नाही. नवऱ्याकडे पाहत राहिली. त्यानं मोबाइलमध्ये पाहिलं.

ताईंचं 'मग बघू' मी चांगलं ओळखते. माझं शिलाई मशीन 'मग बघू' म्हणून गेलं ते आजतागायत त्यांच्या माळ्यावर आहे. तिथून काही परत येत नाही. ही मुलगीही येणार नव्हती.

मी आठवीपर्यंत शिकले. पुढचं मला खैरीनं शिकवलं, लाथा मारून. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. पायाखालची जमीन पाहायची तर तिला मान खाली घालून थांबावं लागतं. चकाकती लादी म्हणजे तिच्या लेखी पाणी, नाहीतर खड्डा. आणि कुणी समोरासमोर डोळ्याला डोळा लावून उभं राहिलं की ती वाट बंद समजते. ते माणूस विधवा आहे, सवाष्ण आहे, पहिल्या लग्नाचं आहे की दुसऱ्या, याची चौकशी ती करत नाही.

हे मी तिथं सांगून पाहिलं. ताई म्हणाल्या, "आली मोठी ढोरांची डॉक्टर."

"बरं," मी म्हटलं. "मग तुम्ही घ्या ताट. उभ्या राहा तिथं. घराची लक्ष्मी तुम्ही. तुम्हाला पाहून धावत येईल."

"मी काहून?"

"काहून नाही?"

बँकेतले लोक पाहत होते. ताईंनी ताट घेतलं, जरीचा पदर सारखा केला आणि समिधाच्याच जागेवर उभ्या राहिल्या. खैरीनं त्यांच्याकडे पाहिलं. आत टाकलेला पाय काढला. मग दुसरा मागे, मग तिसरा, थेट गुरुजींच्या चपलेवर. मागून कुणीतरी खुसखुसलं.

ताई लाल झाल्या. "तू दोरी ओढली! शिकवून आणलीस तिला. आमच्या घरात विष कालवायला आलीस तू, वीणा."

"दोरी भैयाच्या हातात आहे, ताई."

"मुहूर्त जातो आहे," गुरुजी चप्पल सोडवत म्हणाले.

आता मी पदर खोचला. टेम्पोतून चाऱ्याची रिकामी पोती आणून दारापासून आतपर्यंत लादीवर अंथरली. "अगं, संगमरवर! संगमरवर!" ताई ओरडल्या. मग मी चाऱ्याचं बोचकं सोडलं. ते आमच्या ह्यांच्या जुन्या खाकी शर्टात बांधलेलं होतं. फॅक्टरीचा शर्ट. ते निवृत्त झाले तसा तो गोठ्यात आला. धार काढताना मी तोच घालते. त्याला शेणाचा, पेंडीचा, माझ्या घामाचा वास आहे. खैरीच्या हिशेबी मी म्हणजे तो शर्ट.

"समिधा, हा घाल."

तिनं शर्ट पाहिला, स्वतःची मोरपंखी साडी पाहिली. "याच्यावर?"

"याच्यावरच."

"नालायक!" ताई म्हणाल्या. "मजदूर का कपडा! माझ्या घरभरणीला?"

खुर्चीत बसलेले भय्यासाहेब, म्हणजे ताईंचे यजमान, पहिल्यांदाच बोलले. "आपल्या अंबादासचा दिसतो. माझाही असाच होता." मग ताईंकडे पाहून पुन्हा चहात शिरले.

समिधानं शर्ट चढवला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मी तिच्या कानाशी सांगितलं, "पाठ कर तिच्याकडे. वळून पाहू नको. घरात काय काय कुठं लावायचं, त्याचा विचार करत चालत जा."

"ती नाही आली तर, काकू?"

"तरी तू तर आत गेलेली असशील."

ती चालू लागली. पोत्यावर पोतं, हळूहळू. खैरीचे कान पुढे झाले. तिनं नाक लांबवलं, पोतं हुंगलं आणि त्या खाकी पाठीमागे निमूट उंबरा ओलांडून आत गेली. बैठक पार करून देवघरापाशी थांबली, आणि पोतं चुकवून, बरोबर संगमरवरावर, भरपूर शेण टाकलं.

"शुभ, शुभ!" गुरुजी एवढे खूश झाले की अक्षता विसरले. मंडळी भसाभस आत शिरली. केतनही शिरला, सगळ्यात शेवटी, मोबाइल खिशात घालून.

बाहेर राहिल्या ताई. सून आधी आत गेली, गाय तिच्यामागे गेली, आता यांनी त्या दोघींच्या मागून जायचं? त्या उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. मान खाली, पोत्यांकडे नजर, नाकपुड्या फुललेल्या.

समिधा आतून परत आली. शर्ट अजून अंगात. दाराच्या मधोमध, ताईंच्या समोर उभी राहिली. वर्षभराचं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं, दिसत होतं.

"मम्मी," ती म्हणाली, "आता नागपूरची गाडी..."

ताई एक पाऊल मागे सरकल्या.

मी आतून म्हटलं, "समिधा, समोर उभी नको राहू. पाठ कर आणि चाल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग समजली. वळली, आणि सावकाश आत चालू लागली.

मग उंबऱ्यावर जोडव्यांचा आवाज आला. उंबरा ओलांडताच ताई कडाडल्या, "आणि हे शेण कोण काढणार? तुझी काकू?"

"मी काढते," समिधा म्हणाली. "शर्ट घातलेलाच आहे."