सुंदररावांचं अर्धं भाषण

तेलगावच्या योगिताला गावात कुणी लेखिका म्हणत नसे, पण आसपासचे निम्मे पुढारी तिच्याच शब्दांत बोलत. सत्कार असो की उद्घाटन, ती भाषण मोबाईलवर लिहून पाठवायची. टाळ्या लगेच पडायच्या, त्याही पुढाऱ्याला. पैसे मात्र रांगत यायचे.

सगळ्यांत वस्ताद सुंदरराव. तीन भाषणं ठोकून झाली तरी "सोमवारी टाकतो" हे पालुपद चालूच. चौथ्यासाठी त्यांचा फोन आला तेव्हा योगिताची आई भामाबाई अंगणात मेंढी कातरत होती.

"आमी दुसऱ्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायच्या आदी ज्वारी मोजून घेतो," ती म्हणाली. "येकदा लेंड्या पडल्यावर त्या काय उचलून आणता येत्यात व्हय?"

आपल्या भाषणांची ही तुलना योगिताला जरा झोंबली, पण मुद्दा पटला. तिने सुंदररावांना कळवून टाकलं, "साहेब, आता अर्धंच पाठवते. उरलेलं सगळे पैसे आल्यावर."

"बरं बरं," सुंदरराव म्हणाले. ऐनवेळी पोरगी पाठवतेच, अशी त्यांची खात्री.

मांजरसुंब्याला अर्जुनराव गुरुजींचा सत्कार होता. योगिता घरी बसून तो फेसबुकवर बघत होती. सुंदरराव जोरात सुटले होते, "गुरुजींनी आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, वेळ पाळायची. दुसरी, शब्द पाळायचा. आणि तिसरी..."

कागद संपला. त्यांनी मागं उभ्या असलेल्या आदिनाथकडे, आपल्या स्वीय सहायकाकडे पाहिलं. त्याने मोबाईल बघून नकारार्थी मान हलवली.

"तिसरी सांगा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

सुंदररावांनी मानेवरचा घाम पुसला. "तिसरी माझ्याकडं न्हाई. तेलगावच्या योगिताकडं हाय. चार भाषणांचे पैसे मी दिले न्हाईत, म्हणून तिनं कागद अडवलाय."

मंडप हसून हसून लोळायचा बाकी राहिला. गुरुजींनी माईक ओढला, "सुंद्या, सहलीचे पैसेबी तू असेच लांबवायचा रं!"

आदिनाथने तिथंच मोबाईल काढला. इकडे पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला आणि योगिताने उरलेलं भाषण धाडलं. सुंदररावांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून वाचलं, "तिसरी... चुकलं तर चारचौघांत कबूल करायचं!"

असा टाळ्यांचा कडकडाट त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. हे वाक्य आधीच लिहिलेलं होतं, हे सांगून कुणाला पटणार नव्हतं. योगिताने सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी परळीच्या एका पुढाऱ्याने न मागता सगळे पैसे आगाऊ पाठवले. योगिता खूश होऊन लिहायला बसली. दुपार झाली, चहा तीनदा झाला. पहिली ओळ काही सुचेना.

"आये," ती वैतागून म्हणाली, "पैसे थकले होते तव्हा लई सुचत होतं गं!"