चौथ्या चेंबरची नोंद

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भर दुपारी चौथ्या चेंबरचा कॉम्प्रेसर थांबला, तेव्हा तिथली संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या बिरदेवाला प्रथम आठवला तो भिंतीवरचा खटका. कॉम्प्रेसर हाताने सुरू करण्याचा तो खटका गेल्याच महिन्यात त्याने आग्रह धरून काढायला लावला होता. माणूस विसरतो, संगणक विसरत नाही, असे त्या वेळी तो सर्वांसमक्ष म्हणाला होता. आता भिंतीवर स्क्रूची चार भोके तेवढी उरली होती.

"खटका हाय माझ्या कपाटात," व्यवस्थापक नानासो म्हणाले. "पण जोडणार कोण? वायरमन गेलाय कोरेगावला लग्नाला."

आत हरणाबाईंच्या बागेतील द्राक्षांच्या नऊशे पेट्या होत्या. पारा अर्ध्या अंशावर असावयास हवा, तो दोनवर आला होता. थप्पीत तापमान टिपणारे यंत्र ठेवलेले होते; त्यात चारचा आकडा एकदा उमटला की परदेशी खरेदीदार माल नाकारणार होता. बाकीचे चेंबर काठोकाठ भरलेले. हरणाबाई दाराशी स्टुलावर बसून होत्या.

स्टोरेजचा सारा कारभार जावा या संगणकभाषेतील एका मुख्य प्रोग्रामवर चाले. त्याला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, होते. दोघेही लायब्ररी, म्हणजे आयत्या लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचे संच, वापरत. चौथा चेंबर सांभाळणारे प्लगइन बिरदेवाने स्वतः रचलेले. बागाईतदारांच्या मोबाईलवर संदेश धाडणारे दुसऱ्या कोणाचे. मुख्य प्रोग्राम साताऱ्याच्या अंकिताचा, आणि त्याची नवी आवृत्ती बिरदेवाने तासाभरापूर्वीच चढवली होती. आता पडद्यावर लाल अक्षरे होती: ‘तापमाननोंद’ ही ‘तापमाननोंद’ म्हणून स्वीकारता येत नाही.

त्याने साताऱ्याला फोन लावला.

"संदेशाच्या प्लगइनला जुनी लायब्ररी लागते, मला नवी," अंकिता म्हणाली. "दोन्हींचं जमेना, म्हणून मी नियम बदलला. आधी प्रत्येक प्लगइन लायब्ररी माझ्याकडे मागायचं. आता पहिल्यांदा स्वतःच्या पिशवीत बघतं, तिथं नसलं तरच माझ्याकडे येतं."

"मग जुनी आवृत्ती परत चढवू का?"

"चढवून बघा. पण आजच जोडलेला संदेशवाला रुसेल."

तो रुसला, आणि जाता जाता मुख्य प्रोग्रामलाही घेऊन पडला. चारही चेंबरचे कॉम्प्रेसर एकदम गप्प झाले. बिरदेवाने घाईने नवी आवृत्ती पुन्हा चढवली. तीन चेंबर पूर्ववत घरघरू लागले. चौथा नाही. पारा दोन पूर्णांक आठ.

नोंदीची व्याख्या ज्या लायब्ररीत होती, तिची एक प्रत मुख्य प्रोग्राममध्ये होती आणि एक त्याच्या प्लगइनमध्ये. त्याने दोन्ही फायली ताडून पाहिल्या. तिळमात्र फरक नव्हता. मग ही कोणती अस्पृश्यता?

नानासोंनी तांब्या पुढे केला. बिरदेवाने नजर न हलवता पिशवीतील आपली बाटली काढून तोंडाला लावली.

"आमच्या पाण्याला काय किडं पडल्यात व्हय रं?"

"आवं नाना, ह्यातबी तुमचंच पाणी हाय. सकाळी तुमच्याच टाकीवर भरलंय."

"असंल. पर माझ्या तांब्यातलं न्हवं ना. मी दिलेलं तू घेतलंस, असं कसं म्हणू मी?"

बिरदेवाची बाटली ओठांशीच थांबली.

जावाच्या राज्यात वस्तूची ओळख नुसत्या नावाने पटत नाही. तिला कोणत्या लोडरने, म्हणजे आत आणणाऱ्या यंत्रणेने, आणले, हेही पाहिले जाते. अक्षर न् अक्षर सारखे असले तरी आणणारा निराळा, तर वस्तू निराळी. आणि नव्या नियमामुळे त्याचे प्लगइन आता आपली प्रत आपणच आणत होते. बिरदेव मेंढरे घेऊन परमुलखात फिरणाऱ्या घरातला. कोणाच्याही रानात उतरा, पीठमीठ आपले असावे, ही वडिलांची शिकवण. त्याच रीतीने त्याने प्लगइनच्या पिशवीत लागेल ते सारे कोंबले होते. पण वडिलांनीही कधी विहीर पाठीवर वाहिली नव्हती. पाणी ज्याचे रान त्याचेच. मुख्य प्रोग्राम आणि प्लगइन यांच्या बोलण्याचालण्याची लायब्ररी ही अशी विहीर होती, आणि तो ती घरून बांधून घेऊन आला होता.

त्याने आपल्या प्लगइनमधून ती एकच फाईल वगळली. बाकीची शिदोरी तशीच ठेवली. प्लगइन नव्याने बांधायला चार मिनिटे लागली. तेवढ्यात पारा तीन पूर्णांक सातवर गेला. त्याने कळ दाबली. लाल अक्षरे गेली, पडदा कोरा राहिला. मग भिंतीपलीकडे एक हुंदका आला, दुसरा आला, आणि कॉम्प्रेसर धडधडू लागला.

पारा लगेच उतरला नाही. तीन पूर्णांक आठवर तो कितीतरी वेळ रेंगाळला. मग तीन पूर्णांक सात. मग सहा.

"चार झालं का रं?" हरणाबाईंनी स्टुलावरून विचारले.

"न्हाई मावशी. तीन पॉइंट आठवरनं माघारी फिरलं."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बंद पडलं ते मशीन तुझंच व्हतं न्हवं? आता खटका बसंपतूर मी हितनं हालत न्हाई."

वायरमन जोतीराम दिवस कलताना आला. नानासोंनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला खटका काढला. चारही स्क्रू घट्ट होईपर्यंत बिरदेव शिडी धरून उभा होता. मग हरणाबाईंनी स्वतः पुढे होऊन खटका एकदा खाली, एकदा वर करून पाहिला.