खांद्यावरचा हात

निकम गेले आणि सोसायटीच्या गेटवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फोटो सहलीच्या ग्रुपमधून कापला होता. बाकी सगळे उडाले, पण निकमांच्या खांद्यावरचा सावळीराम पगारेंचा हात पुष्कराजच्या अंगठीसकट तसाच राहिला.

पगारे ज्याला घाबरत त्याच्याशी भांडत. ते तडक सेक्रेटरी शिरसाठांकडे गेले.

"माझा हात काढा तिथून! जिवंत माणसाचा आहे तो!"

"काका, हात कुणाचा ते कोण बघतंय? दशक्रियेपर्यंत राहू द्या."

"तुमचं मुंडकं लावतो, मग बघतील!"

शेवटी पगारे स्वतःच ब्लेड घेऊन स्टुलावर चढले. खाली त्यांची बायको सुमन स्टूल धरून उभी राहिली. तिला भीती वाटली म्हणजे ती तयारीला लागायची.

"अहो, तुमचा एकट्याचा फोटो मी काढून ठेवलाय. उगाच कुणाला कापाकापी नको."

"आधी तुझा काढ!"

"माझा फ्रेम करून कपाटात ठेवलाय. तुमचीच फ्रेम राहिलीय. सोनेरी चालेल?"

हात कापून झाला होता, तरी पगारेंनी निकमांचा खांदाही कापून काढला.