पंक्चरच्या टबातली कत्तल

मित्रांनो, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. पण मी भर दुपारी, कुणाच्याही मदतीशिवाय, पाच हजारांची कत्तल केली आहे!

मी एक जुना लोखंडी टब आहे. मूळचा मी म्हणजे तेलाचे पिंप. छिन्नी लावून, घणाचे घाव घालून मला मधोमध फाडले. माझा दुसरा अर्धा भाग कुठे गेला, देव जाणे. मी आलो पंक्चरवाल्याकडे. हवा भरलेली ट्यूब तो माझ्या पाण्यात दाबून धरी. बुडबुडा आला, की भोक सापडले! गिऱ्हाईक म्हणे, "टब आहे की डॉक्टर!" मी फुगून जाई.

पण मालक माझ्यातले पाणी कधीच ओतून टाकत नसे. मुरलेल्या पाण्यात बुडबुडा ठळक दिसतो, हे त्याचे शास्त्र. त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. एके दिवशी आरोग्यसेविका आली.

"दादा, टब रिकामा करा. डेंग्यू पसरलाय."

"कुठायत अळ्या, ताई? बघा की!" त्याने पाण्यावर थाप मारली. धक्का बसताच अळ्या सुर्रकन तळाशी!

"जरा थांबा, येतील वर."

"आणि माझं गिऱ्हाईक थांबेल?"

दहा दिवसांत त्याची लेक भिंगरी तापाने फणफणली. हिरड्यांतून रक्त आले. दवाखान्यात सुया टोचून टोचून तिचा हात काळानिळा पडला. तिची आई तिथून तडक दुकानात आली.

"तुमच्या त्या मुरलेल्या पाण्यानं पोर मरायला टेकलीय माझी!" तिने टायर काढायची लोखंडी पहार उचलून नवऱ्याच्या दिशेने भिरकावली. पहार त्याच्या कानाजवळून गेली आणि भिंतीवरचा आरसा फुटला. तो जागचा हलला नाही.

मग मला राहवेना! मी गरगर फिरलो, उसळी मारली आणि रस्त्यापलीकडे जाऊन पालथा पडलो. तापल्या डांबरावर एकेक अळी तडफडून मेली. भिंगरी वाचली ती माझ्यामुळे! तेव्हा मित्रांनो, पाणी साचू देऊ नका, टब घासूनपुसून ठेवा, आणि जमलेच तर चौकात माझा एखादा पुतळा...

"खोटं!" टायरांच्या ढिगावर बसलेली भिंगरी ओरडली. "बाबांनी सांगितलंय मला सगळं. आईनं लाथ घातली, तेव्हा कुठं उलटलास तू! आणि तरी तुझ्या काठाला डासांची अंडी चिकटलेलीच होती. मी घरी येईपर्यंत बाबा रोज तुला तारेच्या ब्रशनं खरवडत होते. रडत रडत."