गोलच्या मागची जागा

काचेच्या आत, अगदी खोलवर, धुळीचा एक कण होता — लेन्स दाराच्या उजेडाकडे कलती केली की दिसायचा, सरळ धरली की नाहीसा व्हायचा — आणि मायाला वाटलं, एवढ्या बंदोबस्तात याला आत शिरायला वाट तरी कुठून मिळाली असेल...

"तो फोटोत नाही येत, ताई," दुकानदार गोपाळराव म्हणाले. "जुनी हाय, पण काच एक नंबर हाय."

सीताबर्डीच्या त्या दुकानात काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या होत्या. एक नवी, हलकी, मैदानाच्या पार पलीकडचा चेहरा ओढून आणणारी. मात्र ऊन उतरलं की तिच्यातून धावत्या मुली पुसट यायच्या. दुसरी ही, कुणीतरी वापरून विकलेली, जड, तितक्या लांबचं न दिसणारी, पण उतरत्या उजेडातही उचललेला पाय हवेत स्वच्छ थांबवणारी. दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर त्या लेन्सची किंमत विचारण्यातही अर्थ नव्हता.

तिला लांबची हवी होती. का, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला, प्रेमानंदलाही नाही. "काहून वं, मोबाइलवर नाही निघत का पोरीचे फोटो?" एवढंच तो हसत म्हणाला होता. काय सांगायचं त्याला... मागच्या फुटबॉल मॅचनंतर मनीषनगरला घरी परतताना स्कूटरवर मागे बसलेली गार्गी हेल्मेटच्या आतून म्हणाली होती, "आई, तू लाइनीला चिकटून नको ना उभी राहू. तू पाहून राहिली की मला खेळताच नाही येत." रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, मग मीही काहीतरी बोलले असते. पण ती इतक्या साधेपणाने म्हणाली — जणू बूट लागतोय म्हणून सांगावं — की माया नुसतं "बरं" म्हणाली आणि सिग्नल हिरवा व्हायची वाट पाहत राहिली. तर मग लांब. इतकं लांब की आपण आलोय हे तिला कळूच नये, आणि ती मात्र आपल्याला हवी तेवढी जवळ...

"आज मॅच हाय म्हणता नं?" गोपाळराव म्हणाले. "मंग ही घेऊन जा. नवीवाली डब्यातली हाय, ते देता येत नाही. नाही पटली तं उद्या वापस."

कामठीच्या मैदानावर पोचेपर्यंत खेळ सुरू झाला होता. ती गुपचूप पलीकडच्या कडेला, सायकली लावल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली, पण तिथून मुली गव्हाच्या दाण्याएवढ्या. या लेन्सचा हात तिथवर पोचेना. लाइनीजवळ जायचं नाही. राहिली एकच जागा — कामठीच्या मुलींच्या गोलमागे, जाळीच्या जरा बाजूला.

पल्ल्यात होती ती फक्त त्यांची गोलकीपर. सोनिका, पुढच्या मुली सारख्या तिला हाका मारत होत्या. हातमोजे मोठे होत होते तिला, मनगटावरचा पट्टा ती दातांनी ओढून घट्ट करायची आणि चेंडू लांब असतानाही टाचा उचलून स्वतःशीच पुटपुटायची, "आने दे... आने दे..." मायाने सहज म्हणून बटण दाबलं. मग पुन्हा. लेन्स घरघरत फोकस धरायची आणि त्या मुलीच्या कपाळावरचा घाम, ओठांवरची माती, सगळं एकदम लख्ख समोर यायचं.

सावनेरच्या शाळेत मी खो-खो खेळायचे... पाटीवर बसल्यावर पाठीवर हात पडायच्या आधीच अंगातून एक झिणझिणी जायची, ती अशीच, टाचांपासून वर. आई कधीच पाहायला आली नाही. लोक हळहळायचे, एवढी पोर खेळते आणि घरचं कुणी नाही. आणि मला तर — हे मी कुणाला सांगितलं नाही — मला ते आवडायचं. तेवढा वेळ मी कुणाचीच नसायचे. वाऱ्यासारखी...

चेंडू आला. डाव्या बाजूने, खाली, जोरात, सोनिका आडवी झेपावली, माया बटण दाबत राहिली, मोज्यांची बोटं चेंडूला लागली, चेंडू खांबाच्या बाहेर गेला आणि माया मोठ्याने ओरडली, "वा! काय अडवला गं पोरी!"

मग तिने पाहिलं, तो मारला कुणी होता.

गार्गी कमरेवर हात ठेवून उभी होती. सरळ लेन्समध्ये पाहत होती. राग होता की हसू... तोंड उघडं, डोळे बारीक. या मुलीचा प्रत्येक चेहरा मला पाठ आहे असं मी इतकी वर्षं समजत आले, आणि हा कोणता? मायाचं बोट बटणावरच होतं. तिने दाबलं. गार्गी वळली आणि चेंडू मागत धावत सुटली — खांदे सैल सोडून, हात फेकत, जशी ती लाइनीपाशी आई असताना कधी धावली नव्हती.

मध्यंतराला पाण्याच्या बाटल्यांभोवती मुली गोळा झाल्या. तिथूनच गार्गीने आवाज दिला, "आई! तू कोणाकडून आहे?"

बाकीच्या खिदळल्या. गार्गीने बाटली तोंडाला लावली होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता.

"माहीत नाही गं!" मायाने ओरडून सांगितलं, आणि ते खरंच होतं. इतका वेळ तिने गार्गीला शोधलंसुद्धा नव्हतं. या गोष्टीचं वाईट वाटायला हवं होतं. ती थोडा वेळ थांबून वाट पाहत राहिली, वाटतंय का... तसं काही वाटेना. मान अवघडली होती, दंड भरून आला होता, आणि आत कुठेतरी, फार दिवसांनी, टाचा उचलल्यासारखं होत होतं.

संघांनी बाजू बदलल्या. ऊन तिरपं झालं होतं. जड कॅमेरा छातीशी धरून माया मैदानाला वळसा घालत पलीकडच्या गोलकडे निघाली. तिकडे आता गार्गी चढाई करणार होती, आणि तिकडेच सोनिकाही उभी राहणार होती. यातल्या कोणासाठी आपण चाललोय, असं तिने स्वतःला विचारलं. विचारताना तिचं पाऊल मात्र अडलं नाही.