बादली भरायला लागणारा वेळ

रोज सकाळी आठ वाजता माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि पलीकडून आधी नुसती धाप ऐकू यायची. मग आवाज. "बाई, आज नऊ सेकंद."

एकोणीस वर्षांपूर्वी तो आकडा नऊ होता. डोंगरातल्या झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरायची, घड्याळ लावायचं आणि ती भरायला किती सेकंद लागले ते आमच्या पाणीमोजणीच्या ऑफिसला कळवायचं, एवढंच त्या माणसाचं काम. माझं काम तो आकडा वहीत उतरवायचं. झरा वस्तीच्या एकशे चाळीस पायऱ्या खाली, आणि फोनला रेंज वस्तीच्याही वर, माथ्यावरच्या खडकावर. त्यामुळे ते धापा टाकतच बोलायचे. मी त्यांना झरेवाले म्हणायचे, ते मला बाई. एकमेकांचं तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

अंगात ताप असला तरी मी आठच्या आत टेबलावर हजर. घरी वहिनी चिडवायची, "वन्सं, तो झरा काय तुमच्यावाचून आटणार आहे का?" मी तिच्यावर खेकसायचे. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी जास्त खोलात शिरत नाही, हे बरं. खरं सांगायचं तर दिवसातल्या त्या दीड मिनिटासाठी मी नीट वेणी घालून जायचे. फोनवर वेणी दिसत नाही, एवढी अक्कल मला होती. तरी घालायचे.

ऐकून ऐकून कान तयार झाला. एखाद्या दिवशी धाप नसायची आणि आकडा कालचाच असायचा. म्हणजे स्वारी आज खाली उतरलीच नाही. मी काही बोलायचे नाही, नोंदीपुढे पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचे. सतरा वर्षांत असे ठिपके एकशे बारा. एवढं माणसाला माफ असतं.

मग दोन वर्षांपूर्वी धाप बंदच झाली. फोनही आठऐवजी साडेआठला यायला लागला. आवाज एकदम निवांत, आत्ताच अंथरुणातून उठल्यासारखा. "बाई, आज अठ्ठेचाळीस." "आज एकोणपन्नास." रोज ठिपका. पावसाचे दिवस आखडत चाललेले, पाच वस्त्या त्या एका झऱ्याच्या जिवावर, आणि हे गृहस्थ बसल्या जागी मनचे आकडे ठोकून देतात? आणि तेही मला? मी तुटक बोलायला लागले. "हं." "लिहिलं." घरी येऊन भांडी आपटायचे. वहिनी बिचारी भांडी उचलून ठेवायची.

सहा-सात महिन्यांपूर्वी झऱ्यावर यंत्र बसलं. आकडा थेट कॉम्प्युटरवर यायला लागला. पडताळा म्हणून सहा महिने दोन्ही चालू ठेवलं, आणि गेल्या महिन्यात झरेवाल्यांचं काम थांबलं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "बरं मग, बाई." मी म्हणाले, "हं."

त्यानंतर आठ वाजले की मी फोनकडे बघत बसायचे. राग गेला नव्हता. पण त्यांची फार आठवण यायची, आणि सकाळ संपता संपायची नाही.

अशात आमच्या धाकट्या साहेबांनी ती वही मागवली. धाकटे म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचे. झरा किती आटलाय हे समितीला पटवायचं तर पुरावा ही एकच वही, आणि त्यावरच त्या पाच वस्त्यांची पाणीयोजना ठरणार होती.

"बाई, हे ठिपके कसले?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! सांगितलं सगळं. धापेचं सांगताना कान तापले, पण सांगितलं.

साहेबांनी शेवटची पानं चाळली. "म्हणजे शेवटची दोन वर्षं खोटी? मग अख्खी वही बाद होईल, बाई. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?" मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "पण हे बघा. सहा महिने यंत्राचे आकडे आणि त्यांचे आकडे, एका सेकंदाचाही फरक नाही. खाली न उतरता कसं जमलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने वर गेलो. रस्ताभर माझ्या मनात एकच होतं, हा माणूस माझ्याशी दोन वर्षं खोटं बोलला की नाही.

ते घराच्या ओट्यावर बसले होते. मी समजत होते त्याहून बुटके, केस पांढरे. मी "झरेवाले?" म्हटलं मात्र, ते ताडकन उठले.

"बाई!"

साहेबांनी वही पुढे केली. जुने ठिपके बघून ते ओशाळले आणि हसलेही. "हा बरोबर. पाय मुरगळला होता, कसाबसा खडकापर्यंतच गेलो. हाही बरोबर, थंडीचा कंटाळा. तुम्हाला कळत होतं होय?" मग पुढची पानं आली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे का? ह्या दोन वर्षांत एक दिवस चुकलो नाही मी."

"धाप नव्हती," मी म्हणाले. "आणि फोन उशिरा यायचा."

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी?"

"एकदा मला फारच धाप लागली होती. तुम्ही म्हणालात, आधी दम घ्या, घाई नाही, पाणी कुठे पळून जातंय. इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं मला. तेव्हापासून अर्धा तास खडकावर बसायचो आणि मगच फोन लावायचो. तुमच्या जिवाला उगाच घोर नको. पण त्यानंतर तुम्ही नीट बोलेनाशाच झालात. वाटलं, उशीर होतो म्हणून रागावलात. पण लवकर लावावा, तर धाप ऐकू जाणार."

दोन वर्षं. रोज दीड मिनिट मिळत होतं, आणि मी त्यात "हं" म्हणत होते.

"पुसा," साहेब म्हणाले. त्यांनी वहीत खाली कारण लिहून सही केली आणि लांब जाऊन डोंगर बघत उभे राहिले. पोरगा शहाणा आहे. मी ओट्यावर बसून सातशे ठिपके एकेक करून पुसले. झरेवाले शेजारी बसून रबराचा चुरा फुंकरीने उडवत होते. आधीचे एकशे बारा तसेच ठेवले.

निघताना मी म्हणाले, "उद्या आठला फोन करा."

"यंत्र आहे की आता."

"यंत्र मला फोन करत नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. वही समितीकडे गेली होती, समोर लिहायला काही नव्हतं. पलीकडून नुसती धाप येत होती. आधी दम घ्या, असं या वेळी मी म्हणाले नाही.